सकाळची गाडी, संध्याकाळची एसटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून उजाडला की आमच्या कृष्णाकाठी दोनच विषयांची चर्चा असते. एक पावसाची आणि दुसरी पोरांच्या प्रवेशाची. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, दाखला निघतो, फी भरली जाते आणि मग कधीतरी रात्री जेवताना घरातलं कुणीतरी विचारतं, "सगळं झालं खरं, पण पोरगी रोज जाणार कशी?" या 'कशी'चा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो. खरं तर तो सगळ्यात आधी करायला हवा. आज मी तुमच्याशी त्याबद्दलच बोलणार आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. भिलवडीचा एक साधा शेतकरी आहे, सकाळ-संध्याकाळ दूध घालणारा. पण दोन मुलांच्या रोजच्या प्रवासाचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला आहे. तो तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

माझ्या लेकीनं दहावीनंतर विज्ञान शाखेत जायचं ठरवलं. प्रवेश मिळाला सांगलीत, विश्रामबाग भागात. त्याच वर्षी कोरेगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं तिच्या मुलाला नववीसाठी साताऱ्याच्या शाळेत घातलं. म्हणजे एकाच लोहमार्गावरच्या दोन गावांतून दोन मुलं एकाच वेळी घराबाहेर पडली. मी रेल्वेच्या बाजूचा. रूळ कधी तुंबत नाहीत, गाडीत बसून अभ्यास होतो, असं माझं म्हणणं. ताई एसटीची भक्त. "दादा, एसटी आमच्या दारात येती आणि दारात सोडती. तुझी गाडी कुठं येती दारात?" असं ती फोनवर विचारायची. भावाबहिणीचा हा वाद महिनाभर चालला. लेकीला मी रेल्वेचा पास काढून दिला, ताईनं भाच्याला एसटीचा.

आणि पंधरा दिवसांच्या आत माझं गर्वाचं घर खाली झालं.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती, पाऊस लागून राहिलेला. लेकीचं प्रॅक्टिकल लांबलं. ती धावतपळत स्टेशनवर आली, समोर उभी असलेली गाडी आपलीच समजून चढली आणि बसली. नांद्रे गेलं. पुढं भिलवडीचं स्टेशन आलं, दिवे दिसले आणि गाडी न थांबता तशीच पुढं निघून गेली. ती आमच्या गावाला न थांबणारी एक्स्प्रेस होती. पोरीच्या मोबाइलची बॅटरी केव्हाच संपलेली. इकडे मी स्टेशनाबाहेर मोटारसायकल लावून उभा. नेहमीची गाडी आली, माणसं उतरली, लेक नाही. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय आलं ते इथं सांगत नाही. आईबापांना ते सांगायची गरजही नाही. अखेर अनोळखी नंबरवरून फोन आला. डब्यातल्या एका बाईंनी आपला फोन तिला दिला होता. ती किर्लोस्करवाडीला उतरली होती. मी भिजत तिकडं गेलो. फलाटावरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन ती बसली होती. मला बघितल्यावर मग रडली.

यात दोष कुणाचा नव्हता. गाडी वेळेवर होती. कुठली गाडी कुठं थांबते हे मी लेकीला नीट समजावलं नव्हतं, एवढंच. पण घरी आलो तर आई उंबऱ्यात उभी. तिनं एकच वाक्य उच्चारलं, "बास झालं आता. गावातच काय असंल ते शिकव पोरीला." आणि लेक काहीच बोलली नाही. तिनं मला धस्स झालं. कारण आमच्या भागात कितीतरी मुलींची शाळा अशाच एखाद्या वाक्यावर थांबली आहे. मार्कांनी नव्हे, फीनंही नव्हे, एका चुकलेल्या गाडीनं. मी आईला म्हटलं, "मला एक महिना दे. दोन्हींचा हिशेब मांडतो. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

हिशेबाकडे वळण्याआधी याच लोहमार्गावरचा एक जुना प्रसंग सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीतली, म्हणजे 1901 सालची हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहिली आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. तिथं दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तलावाचं खोदकाम सुरू होतं. छोटा भीमराव, त्याचा भाऊ आणि दोन भाचे असे सगळे नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघाले. स्टेशन घरापासून दहा मैल दूर, म्हणून टांगा केला. आगगाडीचा प्रवास मजेत झाला. मसूरला उतरले. पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. पत्र पोहोचलं होतं, पण ते घेणाऱ्या शिपायानं वडिलांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीनं चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान मुलांना घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनीच बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. रात्र वाटेत गेली. सोबत जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही.

त्या मुलांवर जे गुदरलं त्याचं मूळ अस्पृश्यतेत होतं. माझ्या लेकीचा गोंधळ आणि तो प्रसंग यांची तुलना होऊ शकत नाही, आणि मी ती करतही नाही. पण त्या हकिकतीतून प्रवासाबद्दलची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मूल आगगाडीत बसलेलं असताना सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते स्टेशन आणि घर यांच्यामधल्या पट्ट्यात. निरोप पोहोचला नाही, न्यायला कुणी आलं नाही, वाहन मिळालं नाही, अंधार पडला, हे सगळं त्याच पट्ट्यात घडतं. म्हणून गाडी की एसटी हे ठरवताना आधी त्या पट्ट्याकडे बघायला हवं.

आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा पट्टा मोठा आहे. साताऱ्याचं आजचं स्टेशन माहुलीला, शहराबाहेर. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, गावापासून दूर, कृष्णेच्या पलीकडे. आमच्या भिलवडीचंही तसंच. गाव नदीकाठी आणि 'भिलवडी स्टेशन' ही वेगळीच वस्ती. लोक म्हणतात, रेल्वेवाल्यांनी गावं बघितलीच नाहीत. पण त्यामागे कारण आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोड्या ताकदीत पळतं, पण तेच चाक चढावर घसरतं. त्यामुळे रेल्वेला सपाट किंवा अगदी हलक्या उताराची जमीन लागते. शिवाय पूल बांधणं खर्चाचं. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेलं सातारा किंवा कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड ही गावं किल्ला आणि पाणी बघून वसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे रूळ टाकणाऱ्यांनी मात्र सपाटी बघितली. रस्त्याचं तसं नाही. गावं आधी होती आणि त्यांना जोडत रस्ता गेला. म्हणून एसटी गावाच्या पोटात शिरते आणि रेल्वे वेशीबाहेरून जाते.

याला अपवाद म्हणजे सांगलीचा विश्रामबाग भाग. तिथं स्टेशन आणि शाळा-कॉलेजं जवळजवळ आहेत. 1919 मध्ये स्थापन झालेलं विलिंग्डन महाविद्यालय त्याच भागात आहे. म्हणजे रेल्वे साताऱ्याच्या मुलाला शहराबाहेर सोडते, तर विश्रामबागच्या मुलाला जवळजवळ वर्गाच्या दारात. ताई आणि मी भांडत होतो ते इथंच चुकत होतो. ती तिच्या गावापुरती बरोबर होती, मी माझ्या गावापुरता.

आता वहीकडे येऊ. मी दोन आठवडे लेकीला रेल्वेनं पाठवलं आणि दोन आठवडे एसटीनं. तिनं रोज मिनिटं लिहिली. अट एकच होती. नुसता गाडीतला वेळ लिहायचा नाही, उंबरठ्यापासून बाकापर्यंतचा लिहायचा. त्याचे पाच तुकडे केले. घर ते स्टेशन किंवा स्टँड, तिथली वाट पाहणं, मुख्य प्रवास, दुसरं वाहन आणि शेवटचं चालणं.

सकाळी रेल्वेनं असं निघालं. मी दूध घालायला निघतो तेव्हा तिला मोटारसायकलवर स्टेशनला सोडतो, 12 मिनिटं. गाडीची वाट 15, गाडीत 35, विश्रामबागला उतरून चालत 8. एकूण 70 मिनिटं. सकाळी एसटीनं स्टँडपर्यंत 5, वाट 10, सांगलीपर्यंत 50, तिथून शहर बसला वाट धरून 30 आणि चालणं 3. एकूण 98 मिनिटं. सकाळी रेल्वे सरळ जिंकली. मी खूश झालो.

संध्याकाळचं पान उलटलं आणि तोंड उतरलं. रेल्वेनं यायचं तर कॉलेज सुटल्यावर स्टेशनपर्यंत चालणं 8 मिनिटं, गाडीला अजून अवकाश म्हणून फलाटावर 50, गाडीत 35, उतरल्यावर वडाप मिळेपर्यंत 25, घरी पोहोचायला 12. एकूण 130. त्या वेळी मी धारेला बसलेलो असतो, रोज स्टेशनला जाणं जमत नाही. एसटीनं मात्र चालणं 3, शहर बस 30, स्टँडवर वाट 10, एसटीत 55 आणि घरी चालत 5. एकूण 103.

आता गंमत बघा. दोन्ही वेळा रेल्वे धरली तर दिवसाला 200 मिनिटं, दोन्ही वेळा एसटी धरली तर 201. महिनाभराच्या वादाचा निकाल काय, तर एक मिनिट! पण सकाळी रेल्वे आणि संध्याकाळी एसटी केली तर 173 मिनिटं. रोजची 27 मिनिटं वाचली. महिन्याला 25 दिवस धरले तर सव्वाअकरा तास होतात. अकरावीच्या मुलीला महिन्यात सव्वाअकरा तास जास्तीची झोप किंवा अभ्यास मिळाला, हे काही थोडं नाही. 'गाडी की एसटी' असं विचारताना आपण गृहीत धरतो की दोन्ही वेळा एकच वाहन हवं. असा नियम कुणी केलाय?

ताईनंही भाच्याचा हिशेब मांडला. रेल्वेनं कोरेगावचं स्टेशन गाठायला 20, वाट 15, गाडीत 20, माहुलीला वाहन मिळायला 10, शहरात यायला 20, चालणं 5. झाली 90 मिनिटं. एसटीनं चालणं 5, वाट 10, प्रवास 40, उतरून चालणं 10. फक्त 65. गाडीतला वेळ एसटीच्या निम्मा असूनही रेल्वे हरली. भाच्याचा निर्णय तिथंच झाला.

दुसरा मुद्दा पैशाचा. इथं सवलती नीट माहीत हव्यात, कारण पुष्कळ पालक त्या अर्धवट ऐकून असतात. रेल्वेत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी शाळेचा किंवा कॉलेजचा दाखला लागतो. एसटीत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. मुलांना विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडं भरायचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट आहे. त्यामुळे सुरुवातीचे चार दिवस आई किंवा आत्या सोबत जायची म्हटली तरी खर्च हलका पडतो.

म्हणजे बारावीपर्यंतच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही पास मोफत. पैशाचा प्रश्नच मिटला. राहिली वेळ आणि सुरक्षितता. मुलाच्या बाबतीत मात्र आकडेमोड करावी लागते, कारण फुकट दिसणारं ते फुकट असतंच असं नाही. समजा, एसटीचं एका वेळचं भाडं 30 रुपये आहे. जाऊन-येऊन 60, महिन्याचे 1800, त्याचा तिसरा हिस्सा 600 रुपये. आता रेल्वेचा पास शून्य रुपयांचा, पण स्टेशनपासून शहरात यायला वाटणीच्या रिक्षाला एका वेळी 20 रुपये धरा. रोजचे 40, पंचवीस दिवसांचे 1000. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. इथं तर कोंबडी फुकट आणि मसाला हजाराचा! तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. 25 जानेवारी 2025 रोजी एसटीची भाडेवाढ झाली, पुढंही होईल. आकडे बदला, रीत तीच ठेवा.

तिसरा मुद्दा भरवशाचा. रेल्वे आणि एसटी यांचे स्वभाव वेगळे आहेत. पुणे-मिरज मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. त्याला आपण क्रॉसिंग म्हणतो. थांबायची पाळी अर्थातच पॅसेंजरवर, एक्स्प्रेस पुढं. गेल्या काही वर्षांत या मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण टप्प्याटप्प्यानं झालं, तसा समोरच्या गाडीचा अडसर कमी झाला. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट देणं मात्र असतंच. एसटीला अडवणारी कारणं निराळी. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांच्यामागे एसटीला मुंगीच्या पावलानं जावं लागतं. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे जातात, गणपतीत कोकणाकडे. त्या दिवसांत शाळेच्या वेळची फेरी आहे की नाही हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

पण एसटीचा एक मोठा गुण आहे. तिची वेळ बदलता येते. रेल्वेची गाडी शंभर गावांची असते, तुमच्या शाळेच्या घंटेसाठी ती दहा मिनिटं उशिरा सुटणार नाही. एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे मात्र शाळेचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुलांची यादी घेऊन जाता येतं. यादी महत्त्वाची. 'पोरांचे हाल होतात' असं म्हणण्यापेक्षा 'या गावची 34 मुलं, शाळा सुटते 5 ला, शेवटची फेरी साडेचारला' असं कागदावर मांडलं की समोरच्यालाही काम करता येतं.

चौथा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि इथं मी सवयींबद्दल बोलेन. रेल्वेत धोका चालत्या गाडीत चढण्याचा, दारात उभं राहण्याचा आणि पूल असूनही रूळ ओलांडण्याचा. एसटीत धोका पायरीवर लोंबकळण्याचा आणि उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडण्याचा. मोठी एसटी उभी असली की तिच्या आडून येणारा ट्रक मुलाला दिसत नाही आणि ट्रकवाल्याला मूल दिसत नाही. एसटी निघून जाऊ द्यावी, मग ओलांडावं. महामार्गालगतच्या गावांना हे दुप्पट लागू. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणं आणि थांबे पुन्हा पुन्हा बदललेले आपण बघितलेच आहेत.

तीन आकडे मुलांच्या दप्तरात कागदावर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नव्हे, कारण मोबाइल नेमका त्याच वेळी बंद पडतो. रेल्वेतल्या अडचणीसाठी 139, कुठल्याही संकटात 112, मुलांच्या मदतीसाठी 1098. चौथा तुमचा स्वतःचा नंबर, आणि तो मुलाला तोंडपाठ हवा. 139 या आकड्याची आणखी एक ओळख सांगतो. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलमही 139 च आहे. तिकीट किंवा दंडाचे पैसे नाहीत म्हणून प्रवाशाला उतरवण्याचा अधिकार त्या कलमात आहे. पण सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसाउजेडी. पास विसरला म्हणून घाबरून अंधारात कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर स्वतःहून उतरू नकोस, हे मुलीला सांगून ठेवा.

आमच्या घरी त्या रात्रीनंतर आणखी दोन नियम झाले. पहिला, भिलवडीला थांबणाऱ्या गाड्यांचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर. गाडीचं तोंड बघून चढायचं नाही, क्रमांक बघून चढायचं. दुसरा नियम आईनं घातला. "शेवटची गाडी आपली न्हवं. शेवटच्या आदली आपली." शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवला आणि ती चुकली तर हातात काही उरत नाही. आदली धरली तर शेवटची राखीव राहते. मला हा नियम कुठल्याही वेळापत्रकापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि दोन्ही पास जवळ ठेवावेत. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे प्रवासी गाड्या थांबल्या. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. 2019 आणि 2021 चे महापूर तर आमच्या डोळ्यांसमोर आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पाणी 40 कडे सरकू लागलं की आम्ही लेकीला त्या दिवशी पाठवत नाही. एक दिवसाचा वर्ग बुडाला तर भरून काढता येतो.

काही मुलांना गाडीही सोयीची नसते आणि एसटीही. त्यांच्यासाठी तिसरा मार्ग याच मातीत शोधला गेला. कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. गावात शाळा नाही आणि शाळेच्या गावी राहायला जागा नाही, हे त्यांनी बघितलं होतं. 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली आणि शाळेइतकंच महत्त्व वसतिगृहाला दिलं. रोजचा प्रवास जाऊन-येऊन चार तासांवर गेला तर वसतिगृहाचा विचार जरूर करा. मुलाला घरापासून तोडलं असं त्यात काही नाही.

आमच्या घरचा महिना संपला तेव्हा मी वही आईपुढं ठेवली. तिला अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात. तिनं तिन्ही बेरजांवरून बोट फिरवलं, 200, 201, 173. मग लेकीला विचारलं, "तुला काय बरं वाटतंय?" एवढ्या महिन्यात हा प्रश्न आम्ही कुणीच पोरीला विचारला नव्हता. लेक म्हणाली, "सकाळी गाडीत वाचून होतं आजी. आणि संध्याकाळी एसटीत गावातल्या मैत्रिणी असतात, अंधाराची भीती वाटत नाही." आई म्हणाली, "मग झालं तर."

पुढं लेक रोज तशीच गेली आणि बारावी झाली. ताईचा मुलगा एसटीनंच साताऱ्याला गेला. फोनवर ताई अजून म्हणते की शेवटी माझंच खरं झालं, आणि मीही तेच म्हणतो. या वर्षी माझा धाकटा घराबाहेर पडेल. त्याची शाळा वेगळी, वेळ वेगळी, म्हणून जुनी बेरीज त्याला चालणार नाही. कोरी वही आणून ठेवली आहे. या वेळी पहिल्या पानावर त्याचं स्वतःचं मत लिहून घेणार आहे, मिनिटं त्यानंतर.